विषय: ह्यांची सोशल सिक्युरिटी मला मिळेल का?

माई:
मंडळी, गणपतीच्या मेलमध्ये घुसडलं तर खजिनदार रागावतात, म्हणून वेगळी मेल. हे गेले तेव्हा मी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन सरकारी पेन्शनच्या, ऑफिसात जाऊन आले होते. खिडकीतल्या बाईंनी तिथेच हिशेब केला. माझं शिक्षकांचं पेन्शन महिना २,७०० डॉलर, त्याचे दोन-तृतीयांश १,८००, ते तेव्हाच्या कलमाप्रमाणे ह्यांच्या रकमेतून वजा. ह्यांच्या मागे मला मिळायचे १,७५०. म्हणजे हातात शून्य. "अर्ज करून काय करणार?" म्हणाल्या, मी परत आले. आता ते कलम रद्द झालंय ना? माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या खात्यात जानेवारी २०२४ पासूनची थकबाकी आपोआप जमा झाली. मला छदाम नाही.

आप्पा:
माई, ते कलम रद्द करणारा कायदा ५ जानेवारी २०२५ला सहीनिशी झाला. पण मैत्रिणीचा अर्ज आधीपासून होता, तुम्ही नुसती विचारपूस केलीत. आता अर्ज केलात तर साधारण मागच्या सहा महिन्यांचे मिळतील, त्यामागचे गेले. हा अर्ज ऑनलाइन होत नाही. आजच फोन करा आणि आजचीच तारीख अर्जाची म्हणून धरा असं स्पष्ट सांगा. अपॉइंटमेंट मिळायची तेव्हा मिळू दे.

नाना:
फोनबिन कशाला? माझ्या पाटबंधारे खात्याच्या पेन्शनमुळे इथली रक्कम कापायचे, ती आपोआप पूर्ण यायला लागली. माई, वाट बघा.

आप्पा:
नाना, कृपा करून वाट बघा सांगू नका! एकेक महिना हातचा जातो. तुमचं होतं ते वेप (WEP) कलम, स्वतःच्या कमाईच्या रकमेवरची कात्री. माईंची जीपीओ (GPO), नवऱ्याच्या रकमेवरची. इलिनॉयच्या शिक्षकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापत नाहीत, म्हणून ती लागली. भारतातल्या सरकारी पेन्शनला जीपीओ कधीच नव्हती. टॅक्सच्या सत्रात फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेव्हा तुम्ही वड्यांच्या रांगेत होतात.

नाना:
वडे संपत आले होते.

वहिनी:
माई, लग्नाचा दाखला काढून ठेवा. आमच्या वेळी नोंदणी कोण करत होतं? मी त्या ऑफिसात लग्नपत्रिका घेऊन गेले, वर हळदीचा डाग तसाच. खिडकीतल्या मुलाने उलटून-पालटून पाहिली आणि परत दिली. शेवटी ग्रीन कार्डाच्या जुन्या फायलीत नगरपालिकेचा दाखला सापडला. तिथे बघा आधी.

खजिनदार:
वेगळी मेल केल्याबद्दल माईंचे आभार. हॉलचे पैसे अजून अकरा घरांकडून यायचे आहेत. नाना, तुमचेही.

माई:
आप्पा, फोन केला. पाऊण तास ते संगीत ऐकलं. तारीख आजचीच लावली म्हणाले, त्या बाईंचं नाव लिहून घेतलंय. दाखलाही सापडला, पण त्यावर माझं माहेरचं नाव आहे, लग्नात बदललेलं नाव कुठेच नाही. वहिनी, तुमच्या दाखल्यावर कुठलं होतं?