अनुभव धागा : नाशिकमध्ये लहान तुकडीत कॉम्प्युटर सायन्स

बारावीचा निकाल लागला की "कॉम्प्युटरला कुठं घालू?" हे सुरू होतं. वीस-पंचवीस मुलांच्या तुकडीत बीएससी करताना प्रत्यक्षात काय जमावं लागतं, कुठं अडतं, तेवढंच लिहा. आत्मचरित्र नको.

तिसरं वर्ष, कॉलेज रोड
एवढ्याशा वर्गात मागचा बाक नसतोच. हातात खडू देऊन "लिंक्ड लिस्टमधला मधला नोड काढून दाखव" म्हणतात. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडांची साखळी, प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता असतो. कोडला हात घालू नका. आधी चौकोन काढा, बाण काढा. आधीच्या नोडचा बाण पुढच्या नोडकडे वळवायचा, मग मधला फ्री करायचा, म्हणजे त्याची मेमरी परत द्यायची. उलट केलंत तर फ्री केलेल्या जागेतूनच पुढचा पत्ता वाचावा लागतो. गंमत म्हणजे ही चूक कधी कधी खपूनही जाते. जर्नलवर सही होते आणि सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद पडणं) नेमका व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, येतो. पहिलाच नोड काढायचा असेल तर हेड (पहिल्या नोडचा पत्ता) बदलतं, ते वेगळं हाताळा.

लॅब असिस्टंट
सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल करताना 'मायनस वॉल' (-Wall, जास्तीच्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय) लावा आणि वॉर्निंग वाचा. आकड्यानंतर अक्षर वाचताना प्रोग्रॅम न थांबताच पुढे जातो, कारण एंटरचं न्यूलाइन बफरमध्ये उरलेलं असतं. परसेंट सीच्या (%c, अक्षर वाचायची खूण) आधी एक स्पेस सोडली की भागतं.

फॅक्टोरियलचं मात्र दरवर्षी होतं. १२ पर्यंत उत्तर बरोबर, ४७९००१६००. १३ ला साधारणपणे १९३२०५३५०४ दिसतं, खरं उत्तर ६२२७०२०८००. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) २१४७४८३६४७ च्या पुढे मावत नाही. उत्तर ऋण आलं असतं तर शंका तरी आली असती, हे मात्र दिसायला अगदी शहाण्यासारखं! पंचवीसच मुलं असली की परीक्षक प्रत्येकाला १३ घालायला लावू शकतो.

नोकरीला लागलेली, अंबड
मराठी नावं घेणारा प्रोग्रॅम करताय? 'नाशिक' डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये पाच कोडपॉइंट (काना-वेलांटी वेगळी मोजली जाते), साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १५ बाइट. सीमधलं लांबी मोजणारं स्ट्रलेन १५ सांगतं. दहाचा कॅरेक्टर ॲरे ठेवलात तर शेजारची मेमरी गेलीच. आणि शेवटचा शून्य बाइट धरून जागा १६ लागते. बाइट उलटे करून पॅलिन्ड्रोम (उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द) तपासू नका, नुसता कचरा दिसेल.

डेटाबेस शिकवणारा
प्रोजेक्टला कांद्याचा लिलाव घेणारे दरवर्षी असतात. चांगला विषय, पण वजन किलोत आणि भाव क्विंटलचा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दोन्ही इंटिजर (पूर्णांक) असतील तर ४५५० किलो भागिले १०० म्हणजे ४५, अर्धा क्विंटल गायब. १६०० च्या भावानं शेतकऱ्याचे ८०० रुपये बुडाले. १००.० नं भागा आणि रकमेसाठी फ्लोट नको (तो दशांश अंदाजे साठवतो), न्यूमेरिक घ्या. गावाचं वेगळं टेबल करा, नाहीतर 'पिंपळगाव', 'पिंपळगाव ब.' आणि 'पिंपळगाव बसवंत' ही तीन गावं होतात.

प्रोजेक्ट गाइड
चौघांच्या गटात एकजण कोड लिहितो, दुसरा ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल). मोठ्या वर्गात हे झाकतं, इथं कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) कुणाच्या नावावर किती ते दोन मिनिटांत कळतं. रोज छोटे कमिट करा, सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांच्या कोडच्या चार फांद्या (ब्रँच) एकत्र जोडायला बसू नका. पेन ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असे फोल्डर तर नकोच.

दुसऱ्या वर्षाचा
तोटाही लिहितो. मुलं कमी पडली तर हवा तो ऐच्छिक विषय सुरूच होत नाही. माहितीपत्रकातल्या यादीवर जाऊ नका. गेल्या वर्षी कोणते विषय खरोखर चालले, लॅबमधली चालू मशीन किती आणि प्रत्येकाला वेगळं मिळतं का, हे प्रवेशाआधी कार्यालयात नव्हे, लॅबच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना विचारा.