महापौर, नगराध्यक्ष आणि 'परवडणारी घरं' : नेमका अर्थ काय घ्यायचा?

नमस्कार मंडळी, इकडे निवडणुकीची धामधूम आहे आणि मी आमच्या महिला मंडळासाठी उमेदवारांच्या पत्रकातले अवघड शब्द सोप्या मराठीत लिहून काढतेय, म्हणजे ज्या बायका सहीपुरतंच शिकल्यात त्यांनाही वाचून दाखवलं की कळावं कोण काय देऊ म्हणतंय. एका उमेदवारांचं भाषण ऐकलं, माणूस तळमळीचा वाटला. सगळा भर दोनच गोष्टींवर, पालिकेचा कारभार लोकांना विचारून चालावा आणि इथे राबणाऱ्याला इथेच घर मिळावं. मला हे दोन्ही मनापासून पटलं. पण पत्रकात त्यांना 'महापौरपदाचे उमेदवार' म्हटलंय आणि माझी आई बदलापूरला असते तिच्याकडे आलेल्या पत्रकात 'नगराध्यक्षपदाचे उमेदवार'. मी आपलं दोन्हीपुढे 'शहराचा मुख्य माणूस' लिहून मोकळी झाले होते, पण मग वाटलं एकच असतं तर शब्द दोन कशाला? शिवाय 'स्थानिक', 'परवडणारी घरं', 'पुनर्वसन', 'पुनर्विकास' हे शब्द इतक्यांदा आलेत की मी सलग वाचत गेले तर ऐकणाऱ्या बायका मध्येच उठून जातील. जरा फोड करून द्या.

* * *

ताई, बरं झालं विचारलंत, कारण हे दोन शब्द एकच नाहीत आणि फरक नुसता मानाचा नाही. महापौर असतो महानगरपालिकेला, नगराध्यक्ष असतो नगरपरिषदेला किंवा नगरपंचायतीला. ठाणे, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल इथे महापौर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगराध्यक्ष. कायदेसुद्धा वेगळे, नगरपरिषदांचा 1965 चा, महानगरपालिकांचा 1949 चा, आणि मुंबईचा एकटीचा 1888 चा.

आता तुमच्या बायकांना सांगायची खरी गोष्ट. नगराध्यक्षाला लोक थेट मत देतात, म्हणजे तुमच्या आईच्या हातात त्या नावाचं मत असतं. महापौराला तसं मत नसतं. तुम्ही तुमच्या प्रभागातले नगरसेवक निवडून देता, मग निवडून आलेले नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात, आणि ते पद कुठल्या गटासाठी राखीव हे सोडतीने ठरतं. म्हणजे मतदानाआधी 'महापौरपदाचा उमेदवार' असं कोणी कायद्याने असूच शकत नाही, पक्षाने पुढे केलेला चेहरा असू शकतो. 'नगराध्यक्षपदाचा उमेदवार' मात्र खराखुरा असतो, मतदान यंत्रावर त्याचं नाव त्या पदासाठीच छापलेलं असतं. मी आयुष्यभर पालिकेच्या नोकरीत काढलं आणि दर निवडणुकीला हा घोळ बघितला, चांगली शिकलेली माणसंसुद्धा केंद्रावर येऊन विचारायची की महापौराचं बटण कुठलं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आणि एक ओळ अधिकाराची पण घाला. महापालिकेचा रोजचा कारभार चालवणारा माणूस म्हणजे आयुक्त, तो राज्य सरकार नेमतं. नगरपरिषदेत त्या जागी मुख्याधिकारी. महापौर सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान त्याचा, पण फाइलीवरची शेवटची सही बहुतेक वेळा त्याची नसते.

* * *

काकांनी 'पहिला नागरिक' म्हटलं त्यावरून राहवलं नाही, थोडं मागे जाऊन सांगते.

पुर म्हणजे नगर, पुरात राहणारा तो पौर. 'पौरजन', 'पौरजानपद' हे शब्द संस्कृतात जुनेच, शहरातले लोक आणि बाहेरच्या मुलखातले लोक असा अर्थ. त्यावरून महापौर, हा शब्द सावरकरांनी भाषाशुद्धीच्या खटपटीत दिलेला. मुंबईत 1931 पर्यंत या पदाला मेयरसुद्धा म्हणत नव्हते, प्रेसिडेंट म्हणत. मला शब्द म्हणून महापौर फार आवडतो कारण त्यात अध्यक्षपणा नाही, मालकी नाही, तो पौरच आहे, तुमच्याआमच्यातलाच एक, फक्त पुढे उभा केलेला. आणि बाई असली तरी महापौरच, 'महापौरा' वगैरे कोणी केलं नाही हे चांगलं झालं. सुलोचना मोदी 1956 मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या तेव्हाही शब्द तोच. नगरसेवकाची मात्र नगरसेविका झाली. त्याच्याही आधी 'नगरपिता' म्हणायचे, तो शब्द गेला ते योग्यच, पिता म्हटलं की लोक लेकरं होतात आणि सेवक म्हटलं की निदान जाब विचारता येतो.

पण खरी गंमत 'नागरिक' मध्ये आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक म्हणजे तुम्ही-आम्ही नाही, नागरिक हा अधिकारी आहे, सगळ्या नगराचा कारभार बघणारा. त्याच्या हाताखाली नगराच्या एकेका चौथ्या भागावर जो नेमलेला त्याला म्हणतात 'स्थानिक', आणि त्याच्याही खाली 'गोप', त्याच्याकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबं, त्यांची माणसं किती, कमाई किती, खर्च किती हे त्याने माहीत ठेवायचं. म्हणजे बघा, आज आपण ज्याला स्थानिक म्हणतो तो माणूस अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात उभा असतो आणि नागरिक रांगेत. त्या काळी हे दोन्ही शब्द टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांचे होते. लोकांना विचारून कारभार करा असं कोणी म्हणत असेल तर मला वाटतं या दोन शब्दांचा तो जुना अधिकार लोकांकडे आणून देण्याचीच ती गोष्ट आहे, आणि मला ती मनापासून हवी आहे.

* * *

'स्थानिक स्वराज्य संस्था' मधला स्वराज्य कुठून आला पण?

* * *

इंग्रजांचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा 1882 चा ठराव होता, लोकांनी निवडलेल्या माणसांकडे गावशहरांचा काही कारभार द्यायचा. 'लोकल सेल्फ गव्हर्नमेंट' या इंग्रजी नावाचं भाषांतर करताना आपल्याकडे स्वराज्य शब्द वापरला गेला, शब्द इतका मोठा आणि संस्थेच्या हातात दिवाबत्ती, गटारं, रस्ते. पुढे 74 वी घटनादुरुस्ती झाली 1992 ची, 1993 पासून लागू, तिने या संस्थांना घटनेत जागा दिली. त्या दुरुस्तीतलीच एक गोष्ट ताईंच्या घरांच्या प्रश्नाला लागू पडते. बाराव्या अनुसूचीत शहरांच्या संस्थांकडे सोपवायचे 18 विषय दिलेत. त्यात नगरनियोजन आहे, जमिनीच्या वापराचं आणि इमारतींच्या बांधकामाचं नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, पण 'गृहनिर्माण' असा विषय त्या यादीत नाही! खेड्यांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 'ग्रामीण गृहनिर्माण' स्पष्ट लिहिलंय, शहरांच्या यादीत नाही. शब्द बघा, पालिकेकडे 'नियमन' आहे. तुम्ही बांधताय ते नियमात आहे का हे बघायचं, मंजुरी द्यायची, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, द्यायचं. घरं बांधून सोडतीने देणारी म्हाडा राज्याची, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए तेही राज्याचं. पालिका काही घरं बांधते, प्रकल्पात ज्यांची घरं जातात त्यांच्यासाठी किंवा आपल्या कामगारांसाठी, पण 'मी महापौर झालो की घरं देईन' या वाक्यात 'देईन' हे क्रियापद कोणाच्या भरवशावर आहे ते विचारायला हवं.

* * *

थांबा, मग त्या उमेदवारांचं वाक्य मी कसं लिहू? त्यांनी 'देईन' असं नव्हतं म्हटलं, आत्ता पत्रक काढून बघितलं, 'परवडणाऱ्या घरांसाठी पाठपुरावा करणार' असं आहे. मला तो शब्द सरकारी वाटला म्हणून मी खोडून 'घरं मिळवून देणार' केलं होतं. चुकलंच म्हणायचं का?

* * *

चुकलं असं नाही ताई पण परत 'पाठपुरावा' ठेवा, तो शब्द सरकारी नाहीच मुळात. पाठ पुरवणे म्हणजे मागे लागणे, सोडायचंच नाही, पिच्छा पुरवणे म्हणतो ना तोच पुरवणे. त्याचा पत्रव्यवहारातला शब्द झाला म्हणून तो कोरडा वाटतो. बायकांना सांगताना 'सरकारच्या मागे लागून लागून घरांचं काम करून घेणार' असं म्हणा, अर्थ पूर्ण येतो आणि महापौराच्या अधिकाराच्या बाहेर पण जात नाही. मला तर त्या उमेदवारांबद्दल यानेच आदर वाटला, जे हातात आहे तेवढंच बोलले.

* * *

आता 'परवडणारी'. यावर माझं जरा जास्त म्हणणं आहे, चालवून घ्या.

मराठीत परवडणे हे क्रियापद एकटं उभं राहत नाही, त्याला 'कोणाला' लागतं. मला परवडतं, त्याला परवडत नाही, हा धंदा आम्हाला परवडायचा नाही. घरातल्या बोलण्यात आपण 'कोणाला' सोडतो कारण समोरच्याला माहीत असतं कोणाबद्दल चाललंय. पण 'परवडणारी घरं' हा इंग्रजीवरून आलेला शब्द, त्यात ते 'कोणाला' कायमचं गळून गेलंय, आणि जिथे ते गळलं तिथेच सगळा प्रश्न आहे. भाजी विकणारीला परवडणारं आणि बँकेत नोकरी करणाऱ्या जोडप्याला परवडणारं ही दोन वेगळी घरं आहेत, जाहिरातीत शब्द एकच. त्या मानाने म्हाडाचे शब्द रुक्ष असतील पण प्रामाणिक आहेत, अत्यल्प उत्पन्न गट, अल्प, मध्यम, उच्च, निदान माणूस समोर ठेवून नाव दिलंय. त्यातही एक लक्षात ठेवा, मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला 6 लाख आहे, म्हणजे महिन्याला 50 हजार कमावणारं घरसुद्धा 'अत्यल्प' मध्येच, आणि महिन्याला 12 हजारात चार माणसं चालवणारी बाईपण त्याच खान्यात, त्याच सोडतीत, दोघींची नावं एकाच रांगेत. सोडतीत घर लागलं तरी पैसे भरता आले नाहीत की ते सोडावं लागतं, हे मी जवळच्या माणसांत बघितलंय, घर लागल्याचे पेढे वाटून झाले होते आणि तीन महिन्यांनी कर्ज नाकारलं गेलं, त्या माउलीचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून माझी सूचना, पत्रकात जिथे जिथे 'परवडणारी' येईल तिथे कंसात मोकळी जागा सोडा, कोणाला? आणि उमेदवार आले की त्यांच्याकडूनच भरून घ्या. महिन्याच्या कमाईचा आकडा सांगायला सांगा.

* * *

हे फार आवडलं, करणारच. आता राहिलं पुनर्वसन आणि पुनर्विकास, मला तर दोन्ही 'जुनं पाडून नवं बांधणं' एवढंच कळतं.

* * *

अक्का मी यातून गेलोय म्हणून सांगतो, शब्दकोशातलं नाही. पुनर्वसन मध्ये 'वसणे' आहे, वस्ती, वसाहत त्यातलंच, म्हणजे माणूस परत वसला पाहिजे. पुनर्विकास मध्ये विकास होतो तो जागेचा आणि इमारतीचा, माणूस परत आला काय आणि नाही आला काय, शब्दाला काही फरक पडत नाही. तिसरा एक शब्द आहे पुनर्रचना, तो जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या दुरुस्ती मंडळाच्या नावात आहे, तो बांधकामाचा शब्द.

झोपडपट्टी योजनेच्या नावात पुनर्वसन आहे, म्हणून तिथे पहिला प्रश्न माणसाचा येतो, तुम्ही पात्र का अपात्र. 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर फुकट घर, त्यानंतर 2011 पर्यंतचे असतील तर पैसे भरून. ती पात्र लोकांची यादी म्हणजे परिशिष्ट 2, वस्तीत कोणी परिशिष्ट म्हणत नाही, 'अनेक्शर टू मध्ये नाव आलं का' असंच विचारतात आणि लग्नाची बोलणीसुद्धा त्यावर अडतात. मग जागेवर दोन तऱ्हेच्या इमारती उठतात, एक आमची, तिला सगळे 'रिहॅब' म्हणतात, आणि एक विकायची, ती 'सेल'. आम्ही 'संक्रमण शिबिरात' अकरा वर्षं होतो. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं, मकर संक्रमण एका दिवसात होतं, आमचं अकरा वर्षं चाललं, माझी धाकटी तिथेच जन्मली आणि तिथूनच पाचवीत गेली, तिला विचारलं घर कुठलं तर ती ट्रान्झिटच सांगायची. त्यामुळे उमेदवार 'पुनर्विकास' म्हणतात का 'पुनर्वसन' याकडे माझे कान असतात. इमारत किती मजली होणार हे सगळे सांगतात, माणसं किती दिवसांत परत येणार आणि तोपर्यंतचं भाडं कोण देणार हे सांगितलं तर मी त्याला पुनर्वसन म्हणेन.

* * *

दादा, वाचून गलबलून आलं. तुमची फोड जशीच्या तशी वापरते, चालेल ना?

आत्तापर्यंत असं लिहिलंय, बघा. नगराध्यक्ष : नगरपरिषदेचा प्रमुख, याला आपण स्वतः मत देतो. महापौर : महानगरपालिकेचा प्रमुख, आपण नगरसेवक निवडायचे, ते महापौर निवडतात. स्थानिक : इथे राहणारे, म्हणजे आपण. पाठपुरावा : मागे लागून काम करून घेणं. परवडणारं घर : ____ ला परवडणारं, महिन्याची कमाई ____. पुनर्वसन : माणसं परत वसणं. पुनर्विकास : जागेवर नवं बांधकाम होणं, परत कोण येणार ते वेगळं विचारायचं.

आणि 'सदनिका' चं काय करू? चार वेळा आलाय.

* * *

सदनिका कोणीच बोलत नाही हो, खोली लिहा. आमच्यात 300 फुटाच्या घरालाही खोलीच म्हणतात, 'खोली मिळाली का' असंच विचारतात. फक्त पुढे चटई क्षेत्र किती ते लिहा आणि त्याला लोकांच्या तोंडातला कार्पेट हाच शब्द ठेवा, कारण एफएसआयला, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येतं त्या प्रमाणाला, पण कागदावर चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, दोन्हीकडे चटई आली की बायकांना वाटेल खोलीचंच माप चाललंय.

* * *

खोली केलं, कार्पेट केलं. रविवारी वाचून दाखवते, त्या मोकळ्या जागांत उमेदवारांनी काय भरलं ते इथे येऊन लिहीन.