हिमालयन ४११ साठी मागचे जादा मडगार्ड: कोणते घ्यावे आणि कसे बसवावे?

ताम्हिणीवाट
माझ्याकडे रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११ आहे आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून माणगावकडे जाणे नेहमीचे आहे. कंपनीचे मागचे मडगार्ड सीटखाली बरेच उंचावर असल्यामुळे चाकाने उडवलेला लाल चिखल मोनोशॉकवर (मागच्या एकुलत्या शॉक-ॲब्सॉर्बरवर) आणि त्याच्या लिंकेजवर, म्हणजे जोडदांड्यांवर, थापला जातो, व दर वेळी ते सारे धुऊन पुन्हा ग्रीस लावावे लागते. बाजारात स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावर) बसणारे हगर, म्हणजे चाकालगतचे छोटे मडगार्ड मिळते, तसेच नंबरप्लेटखाली जोडायचा लांब पट्टाही मिळतो. यांपैकी काय घ्यावे, आणि घरी बसवताना कोणती काळजी घ्यावी?

पान्हा_दहा
लांब पट्ट्याने आपला प्रश्न सुटणार नाही. मागून येणाऱ्या वाहनावर आणि मागे बसलेल्याच्या पाठीवर उडणारे पाणी तो अडवतो. मोनोशॉकवरचा चिखल मात्र चाकाच्या वरच्या भागावरून पुढच्या दिशेने फेकला जातो, आणि तो अडवायचा तर चाकालगत बसणारे हगरच हवे. स्विंगआर्म चाकाबरोबर वरखाली होत असल्यामुळे खड्ड्यातही हगर आणि टायर यांच्यातले अंतर बदलत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. फायबरग्लासचे हगर दिसायला देखणे असते, पण कंपनांमुळे बोल्टच्या भोकाभोवती तडकते. माझी पसंती लवचीक प्लास्टिकला आहे.

बसवताना स्विंगआर्मला नवे भोक अजिबात पाडू नये, कारण तिथून पाणी आत शिरून गंज धरतो आणि भार पेलणारा भागही कमजोर होतो. चेनगार्डच्या मूळ बोल्टांवर आणि क्लॅम्पवर बसणारा संच निवडावा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, खाली रबरी आणि रुंद पोलादी वॉशर देऊन, बेताने आवळावे. प्लास्टिक दबून पांढरे पडू लागले तर जोर जास्त झाला असे समजावे. त्यानंतरची तपासणी बहुतेक जण टाळतात: चेनचा ताण वाढवताना चाक मागे सरकते, म्हणून ॲडजस्टरच्या दोन्ही टोकांना चाक हाताने फिरवून ते कुठे घासते का हे पाहावे. दोन माणसांना सीटवर बसवून शॉक दाबावा आणि हगरचे पुढचे टोक फ्रेमला किंवा आतल्या मडगार्डला लागत नाही याची खात्री करावी. उजवीकडची ब्रेकची नळी आणि एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर कुठेही चिमटता कामा नये.

कापूसपट्टी
वरील सल्ला कोकणासाठी योग्य आहे, परंतु मराठवाड्यातील वाचकांनी तो जसाच्या तसा घेऊ नये. आमच्याकडील काळी चिकण माती टायर आणि हगर यांच्यामध्ये ठासून भरली की चाक जागीच अडते, आणि भर शेतात पान्हे काढून हगर सोडवण्याची वेळ येते. पाणंद रस्त्यांवर जाणाऱ्याने हगरऐवजी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून टायर आणि मोनोशॉक यांच्यामध्ये पडद्यासारखा टांगावा. दिसायला गावठी, पण खर्च जवळपास शून्य.

नियमावली
एक पुरवणी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन, म्हणजेच साडीगार्ड, मोटारसायकलला असणे आवश्यक आहे. हगर लावले म्हणून साडीगार्ड काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती त्यामुळे योग्य नाही.

ताम्हिणीवाट
सर्वांचे आभार. साडीगार्ड तसेच ठेवीन. मूळ १२०/९० – १७ मापाच्या मागच्या टायरऐवजी काही दिवसांनी मोठ्या खाचांचा टायर घालण्याचा विचार आहे. मग हगर आणि टायर यांच्यात अंतर किती ठेवावे?

पान्हा_दहा
मग आधी टायर बदलावा आणि हगर नंतर घ्यावे. नव्या टायरचे ठोकळे उंच असतात, शिवाय खाचेत अडकलेला खडा टायरच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे डांबरी रस्त्यासाठीही मी २० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवणार नाही. दुकानदाराकडून क्लॅम्पला उंची बदलण्यासाठी लांबट भोक आहे का, एवढे विचारून घ्यावे. नसेल तर तो संच सोडून द्यावा. पहिल्या घाटप्रवासानंतर सर्व बोल्ट एकदा तपासावेत, कारण रबरी वॉशर दबून बसला की आवळ सैल पडतो.