मदत हवी आहे: आईबाबांसोबत साबरमती रिव्हरफ्रंट

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन अहमदाबादला जातोय. शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार रिव्हरफ्रंटसाठी राखून ठेवलाय. २०२२ मध्ये खुला झालेला अटल पूल दिवे लागल्यावर बघायचा आहे. रविवारी एलिस पुलाजवळची गुजरी (जुन्या वस्तूंचा बाजार) तर चुकवायचीच नाही, बाबांना जुनी कुलपं, पितळी अडकित्ते हातात घेऊन निरखायला फार आवडतं.

अडचण आईच्या गुडघ्यांची. पाण्यालगतचा पदपथ रस्त्यापेक्षा बराच खाली आहे. पायऱ्या न उतरता तिथे कुठून जाता येईल? व्हीलचेअर मिळते का? गुजरीत सकाळी किती वाजता गेलेलं बरं? आणि गांधी आश्रम त्याच दिवशी उरकावा, की वेगळी सकाळ द्यावी? तिथे घाई केलेली मला आवडणार नाही. नुकतंच कुणी ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.