हवाईतले चितळ, शिकारी आणि दुर्मिळ झाडं: कुंपण घालावं का? (चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

करवंदीची जाळी
माउई बेटावरच्या कोरड्या रानाचा 4 हेक्टरचा तुकडा डोळ्यापुढे ठेवा. वर विलीविली (आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद), खाली मोजकी उरलेली दुर्मिळ झुडपं, भोवती चितळ. तिथली बरीच घरं चितळाचं मटण खातात, तेव्हा 'सगळी जनावरं संपवा' हे चालणार नाही. शिकारीचा कोटा वाढवून भागेल का? कासला कुंपण घातल्यावर गुरं थांबली, गवत माजलं आणि फुलं घटल्याची ओरड झाली. हवाईत तसं होणार नाही कशावरून?

आडवाट
कोट्याने भागत नाही. तिथे चितळ वर्षभर वितात, वाघ-बिबट्या-कोळसून कोणी नाही, वाढ साधारण 20 ते 30 टक्के धरतात. म्हणजे हजारातली दोन-तीनशे मारली तरी आकडा जागच्या जागीच. त्यात शिकाऱ्याचा डोळा शिंगांवर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षीची पाडसं तेवढीच. 'आधी दोन माद्या, मग एक नर' अशी अट घातली तर आकडा हलतो. पण झुडपं तीसच उरली असतील तर चितळ निम्मी करूनही उपयोग नाही, एक कळप एका रात्रीत शेंडे खुडून जातो. तिथे कुंपणच.

कासची तुलना इथे लागू पडत नाही. कासच्या वनस्पती चरणाऱ्या जनावरांच्या सोबतीनं वाढल्या. हवाईत माणूस येईपर्यंत खुराचं जनावरच नव्हतं, जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. चितळ 1868 मध्ये मोलोकाई बेटावर आले, तेही राजा पाचव्या कामेहामेहाला भेट म्हणून, आणि माउईवर 1959 मध्ये. मुळात खुराचं जनावर नव्हतं, म्हणून तिथल्या पुदिन्याच्या कुळातल्या कित्येक झाडांना वास नाही, रासबेरीला काटे नावापुरते. बचावाची गरजच पडली नव्हती. हवाई व्होल्कॅनोज उद्यानात 1960च्या दशकाच्या अखेरीस शेळ्यांपासून एक तुकडा बंद केला, तर आत कोणी न पाहिलेला अबईच्या जातीचा वेल जमिनीत पडून राहिलेल्या बियांतून उगवला!

खुंटमेख
कुंपणाचं बोलू. डुकराला 1.2 मीटर पुरतं, चितळाला 2.4 मीटर लागतं. 2 मीटरवर भागवायला जाऊ नका, उतारावर वरच्या बाजूने जनावर सहज उडी मारतं.

रेषा आखण्याआधी तीच रेषा पायी तपासा. कुंपणासाठी साफ केलेल्या पट्ट्यातच दुर्मिळ रोप असायचं. खांब लोखंडी, 3 मीटरला एक. जाळी जाड जस्तलेपाची, कारण समुद्रावरचा खारा वारा साधी तार लवकर खातो. जाळीचा तळ बाहेरच्या बाजूला हातभर जमिनीवर पसरून खिळवा, नाहीतर डुक्कर उकरून वाट करतं आणि त्याच वाटेने चितळाचं पाडस शिरतं.

वरच्या कडेला काटेरी तार नको, तिथलं दुर्मिळ वटवाघूळ त्यात अडकून मरतं. समुद्रपक्षी घरट्याकडे अंधारात येतात, तिथे वरच्या तारेत पांढरी पट्टी विणतात, म्हणजे त्यांना कुंपण दिसतं.

सगळ्यात जास्त फसगत ओढ्यात होते. ओढ्यावर पक्की जाळी नको, लोंबती झडप लावा. पुराचा पालापाचोळा पक्क्या जाळीवर अडतो आणि पाणी जाळीसकट खांब उपटून नेतं. मोठ्या पावसानंतर आणि एरवी महिन्यातून एकदा पूर्ण फेरी मारा. आत चितळ राहिले नाहीत हे ताज्या लेंड्या आणि ठशांवरून ठरवा, नुसतं 'दिसलं नाही' यावर नको.

करवंदीची जाळी
मग शिकाऱ्यांचं काय?

आडवाट
रेषा ठरवतानाच त्यांना बोलवा. कुंपणाच्या शेवटच्या टप्प्याआधी आतली जनावरं त्यांनीच काढावीत, मांस त्यांचंच. वाट अडत असेल तर फाटक द्या, आपोआप मिटणारं. उघडं राहिलेलं फाटक म्हणजे सगळं काम पाण्यात. मौना केआ डोंगरावर पालिला पक्ष्यासाठी 1979 मध्ये न्यायालयाने शेळ्या-मेंढ्या हटवायचा आदेश दिला, कारण पालिला ज्यावर जगतो त्या 'मामाने' नावाच्या झाडाची रोपं त्या खात होत्या. निकाल बरोबर होता, पण प्रकरण कोर्टात गेलं की शिकारी आणि संवर्धनवाले समोरासमोर उभे राहतात.

गवताळ
'कासची तुलना लागू नाही' हे अर्धंच पटलं. जनावर थांबलं की गिनी गवतासारखं परदेशी गवत पुरुषभर वाढतं आणि उन्हाळ्यात आग धरतं. ऑगस्ट 2023 मध्ये माउईवर पेटलं तेही मुख्यतः असंच गवत. तेव्हा कुंपण घालताय तर गवताचा खर्च धराच: कुंपणाबाहेर 5 ते 10 मीटर पट्टा कापलेला, आत रोपांभोवती हाताने निंदणी, पाऊस संपला की पुन्हा. उंदीर बिया खातात, गोगलगाई कोंब खातात, त्यांना जाळी अडवत नाही.

आणि बी एकाच झाडाचं गोळा करू नका. मौना केआवरचं सिल्व्हरस्वर्ड नावाचं दुर्मिळ झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि स्वतःच्या परागाने बी धरत नाही. लावलेली रोपं दोनच मातृझाडांची निघाली, शेवटी ब्रशने दूरच्या रानटी झाडांचा पराग आणून लावायची वेळ आली.