मदत हवी आहे: शॉटगन दुरुस्तीला कंपनीकडे पाठवायचीय (अमेरिका)

मंडळी, मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्डवर. ट्रॅप शूटिंगसाठी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) बारा बोअरची शॉटगन आहे. हल्ली पंचवीसपैकी तीन-चार वेळा रिकामं काडतूस अर्धंच बाहेर येऊन तिथेच अडकतं. पितळी बुडावर चक्क ओरखडा दिसतो. साफसफाई, तेलपाणी सगळं झालं. कंपनी म्हणते, पाठवून द्या. कंपनी दुसऱ्या राज्यात आहे.

इथेच घोडं अडलंय. कुरिअरच्या काउंटरवर 'बंदूक' म्हटल्याबरोबर पोरगा दोन पावलं मागे सरकला. परवानाधारक विक्रेत्याखेरीज कुणाचं घेत नाही म्हणाला. पोस्टाचं मी वाचलंय: 1927 च्या कायद्याने बंदी घातली ती पिस्तुलासारख्या लपवता येणाऱ्या हत्यारांना, लांब नळीच्या बंदुकीला नाही. मग रिकामी करून, नळी वेगळी काढून, खोक्यावर बाहेर काहीही न लिहिता पोस्टाने पाठवावी का? कुणी स्वतः पाठवली आहे का? विमा किती रकमेचा काढलात?

दुसरं, परतीचं. 1968 च्या कायद्यानुसार दुरुस्त झालेली बंदूक कंपनी थेट मालकाच्या घरी पाठवू शकते, असं माझं वाचन. गावातला दुकानदार मात्र म्हणतो, माझ्यामार्फतच घ्या, पुन्हा पूर्वेतिहासाच्या चौकशीचा फॉर्म भरा, वर फी. त्याचा धंदा आहे, समजतं मला!

आणि डिसेंबरात मी पुण्याला असेन. तेव्हाच पार्सल आलं तर बायकोची सही चालेल, की मी परतेपर्यंत कंपनीला ठेवून घ्यायला सांगू?