कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी?

ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करणाऱ्या व्हिडिओंबद्दल इथल्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय, 'दोन मिनिटांच्या वर कोणी बघत नाही, तेव्हा व्हिडिओ छोटेच हवेत', ते पटलं. पण छोटे व्हिडिओ शिळे होतात याबद्दल कोणी बोललं नाही. आईला मीच मागे एक पाठवला होता: ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित. तिने तो इतका मनावर घेतला की पार्सल अडकल्याच्या एका बनावट मेसेजमधली लिंक उघडून मलाच दाखवत होती, "हे बघ, कुलूप आहे की!" होतंच. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी तुमचं बोलणं वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसलाय की साव, ते नाही सांगत. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकटात आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही. हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये संगणकावरच्या ब्राउझरमधून ते चिन्ह काढूनसुद्धा टाकलं. जुने व्हिडिओ मात्र अजून फिरतायत.

मग मी तिला पत्ता वाचायला शिकवला. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, डावीकडे वाचायचं. 'बँक.तपासणी.कॉम/' असेल तर मालक 'तपासणी.कॉम', बँक नव्हे. बोट ठेवून चारपाच पत्ते वाचल्यावर जमलं तिला. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, ती कटकट आहेच. आणि व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कधीचा आहे तेवढं बघा राव.